निवडणूक रोख्यांची यादी: मतदाराच्या कामाची किती?

निवडणूक रोखे म्हणजे राजकीय पक्षाला देणगी देण्यासाठी बँकेतून विकत घ्यायचे कागद. भारतीय निवडणूक आयोगाने मार्च २०२४मध्ये आपल्या संकेतस्थळावर या रोख्यांची जी यादी ठेवली, ती पाहायला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. कंपन्या राजकीय पक्षांना पैसे केव्हा आणि किती देतात, याचा एवढा मोठा लेखी पुरावा आपल्या देशात त्याआधी लोकांच्या हाती कधीच आला नव्हता. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी मोठमोठे आकडे दिले, आरोप-प्रत्यारोप झाले, लोकसभेची निवडणूक लागली आणि विषय मागे पडला. पण ही यादी सामान्य मतदाराने स्वतः उघडून वाचायची ठरवली, तर ती त्याला कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. एक सार्वजनिक सेवा म्हणून या यादीचे गुणदोष येथे मांडायचे आहेत, आणि रोखे बंद झाल्यानंतर आज आपल्याला जी माहिती मिळते तिचेही.

आधी मूळ वस्तूविषयी. २०१७च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी निवडणूक रोख्यांची घोषणा केली आणि २ जानेवारी २०१८ रोजी योजना अधिसूचित झाली. १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख आणि १ कोटी रुपये अशा पाच मूल्यांचे हे रोखे भारतीय स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांमध्येच मिळत. ओळखपत्रे देऊन, बँक खात्यातून पैसे भरून ते घ्यायचे, आवडत्या पक्षाकडे सुपूर्द करायचे आणि पक्षाने १५ दिवसांच्या आत ते वटवायचे, अशी रीत होती. खरेदीदाराकडून शुल्क घेतले जात नसे. छपाईचा आणि बँकेच्या दलालीचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असे. रोख्यावर देणगीदाराचे नाव नसे, पक्षाला ते सांगावे लागत नसे आणि कंपनीलाही आपण कोणत्या पक्षाला पैसे दिले हे जाहीर करण्याचे बंधन उरले नव्हते. त्याच वेळी कंपनी कायद्याच्या कलम १८२मधली मर्यादाही उठवण्यात आली. त्याआधी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत असे. मर्यादा गेल्यावर तोट्यातली कंपनीही हवी तेवढी रक्कम देऊ शकत होती. अशाने केवळ पैसे फिरवण्यासाठी कागदोपत्री कंपन्या उभ्या राहतील, असा इशारा निवडणूक आयोगाने मे २०१७मध्येच सरकारला पत्राने दिला होता आणि रिझर्व्ह बँकेनेही या योजनेवर आक्षेप घेतले होते. दोन्ही संस्थांचे ऐकले गेले नाही.

योजना लहान देणगीदारासाठीही आहे असे सांगितले जात असले, तरी विकल्या गेलेल्या एकूण रकमेपैकी ९० टक्क्यांहून अधिक रक्कम १ कोटीच्या रोख्यांची होती. एकंदर ३० टप्प्यांत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोठून येतो हे जाणून घेणे हा मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भाग आहे आणि कंपन्यांना अमर्याद देणग्यांची मुभा देणे मनमानीचे आहे, असे न्यायालयाने म्हटले. व्यक्तीने दिलेल्या देणगीमागे मताचा, विचाराचा पाठिंबा असू शकतो. कंपनीची देणगी हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला निव्वळ व्यवहार असतो, हा तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रातील फरक माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. बँकेने तपशील देण्यासाठी ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेची निवडणूक उलटून जाईपर्यंत, मुदत मागितली होती. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली, दुसऱ्याच दिवशी बँकेने माहिती आयोगाकडे दिली आणि १४ मार्चला यादी लोकांसमोर आली. जूनअखेरपर्यंत वेळ मागणाऱ्या बँकेने माहिती २४ तासांत दिली, याची नोंद ठेवली पाहिजे.

आता प्रत्यक्ष यादी. १४ मार्चला दोन पीडीएफ धारिका प्रसिद्ध झाल्या. एकीत खरेदीची तारीख, खरेदीदाराचे नाव आणि रक्कम. दुसरीत वटवल्याची तारीख, पक्षाचे नाव आणि रक्कम. दोन्ही मिळून सातशेहून अधिक पाने, पण कोणाचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला हे सांगणारा धागा दोहोंतही नव्हता. रोख्यांचे अनुक्रमांक का दिले नाहीत, असे न्यायालयाने बँकेला खडसावले, आणि २१ मार्चला ज्या सुधारित धारिका आल्या त्यांत प्रत्येक रोख्याची दोन अक्षरांची खूण आणि क्रमांक देण्यात आला. १ कोटीच्या रोख्याला ‘ओसी’, १० लाखांच्या रोख्याला ‘टीएल’ अशी ही खूण आहे. खरेदीच्या धारिकेतील खूण आणि क्रमांक उचलायचा, वटवणुकीच्या धारिकेत तो शोधायचा, आणि समोर पक्षाचे नाव वाचायचे. मुळात रोख्यावर असा छुपा क्रमांक असतो आणि तो केवळ अतिनील प्रकाशात दिसतो, हे एका पत्रकार महिलेने २०१८मध्येच रोखे विकत घेऊन, प्रयोगशाळेत तपासून दाखवून दिले होते. तो क्रमांक बनावट रोखे ओळखण्यापुरताच आहे, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. सहा वर्षांनी त्याच क्रमांकाने देणगीदार आणि पक्ष यांची जोडी जुळली.

एखाद्याने २५ कोटींचे रोखे घेतले असतील, तर यादीत ती एक नोंद दिसत नाही. १ कोटीच्या २५ ओळी दिसतात आणि त्या २५ ओळी एकेक करून दुसऱ्या धारिकेत शोधाव्या लागतात. ज्याला धारिका एक्सेलमध्ये उतरवून दोन तक्ते जोडता येतात, त्याचे काम थोडक्यात होते. ज्याला ते येत नाही, त्याला मोबाइलच्या पडद्यावर पाने सरकवत बसण्यावाचून गत्यंतर नाही. आयोगाने हीच माहिती तक्त्याच्या साध्या स्वरूपात दिली असती, तर हा भेद राहिला नसता.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. यादीत कंपनीचे नाव आहे, पण कंपनीचा नोंदणी क्रमांक नाही. त्यामुळे नाव जसे टंकले गेले तसेच ते शोधावे लागते. मेघा इंजिनिअरिंग या हैदराबादच्या कंपनीच्या नोंदींपैकी कित्येकांत ‘लिमिटेड’ या शब्दाच्या मधोमध एक मोकळी जागा पडली आहे. संगणकाला या दोन वेगळ्या कंपन्या वाटतात, आणि ज्याने नुसती बेरीज मारली त्याच्या हिशेबात या कंपनीची देणगी खऱ्या ९६६ कोटींपेक्षा पुष्कळ कमी भरते. सारख्या नावाच्या दोन कंपन्या, एकाच उद्योगसमूहाच्या वेगवेगळ्या उपकंपन्या, स्वतःच्या नावे रोखे घेणारे संचालक, यांची सांगड घालायची तर यादीच्या बाहेर जाऊन कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदी उघडाव्या लागतात. बँकेकडे प्रत्येक खरेदीदाराची ओळखपत्रे होती. नोंदणी क्रमांकाचा एक रकाना वाढवला असता तर कोणाच्याही खाजगीपणाला धक्का लागला नसता.

इतके असूनही, यादी चिकाटीने वाचणाऱ्याच्या पदरात बरेच पडते. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरी व्यवसायातील फ्यूचर गेमिंग ही कंपनी. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले आणि त्यांतला मोठा वाटा तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक या पक्षांना दिला. पक्षांच्या बाजूने पाहिले, तर यादीच्या काळात भारतीय जनता पक्षाने सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलने सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेसने सुमारे १,४२१ कोटी, भारत राष्ट्र समितीने सुमारे १,२१४ कोटी आणि बिजू जनता दलाने सुमारे ७७५ कोटींचे रोखे वटवले. या आकड्यांवरून एक गोष्ट पक्की कळते. जेमतेम एका राज्यात सत्ता असलेल्या तृणमूलला देशभर लढणाऱ्या काँग्रेसपेक्षा जास्त पैसे मिळाले, ओडिशापुरत्या बिजू जनता दलाला पाऊणशे नव्हे तर पावणेआठशे कोटी मिळाले, याचा अर्थ पैसा विचारसरणीकडे पाहत नाही. जेथे परवाने, कंत्राटे आणि खाणी वाटण्याचा अधिकार आहे तेथे तो जातो. त्या काळात केंद्रात भाजप, बंगालमध्ये तृणमूल, तेलंगणात भारत राष्ट्र समिती सत्तेत होती: तत्त्व एकच. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतलेच नाहीत आणि तो या खटल्यात याचिकाकर्ताही होता, हेही सांगितले पाहिजे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने दोन नोंदी अवश्य पाहाव्यात. पहिली क्विक सप्लाय चेन या, नवी मुंबईचा पत्ता असलेल्या, फारशा कोणाच्या परिचयाच्या नसलेल्या कंपनीची. तिने एकूण ४१० कोटींचे रोखे घेतले. त्यांतले ३७५ कोटी भाजपला, २५ कोटी शिवसेनेला आणि १० कोटी राष्ट्रवादी काँग्रेसला गेले. २०२१-२२ या एका वर्षात तिने ३६० कोटींचे रोखे घेतले, आणि त्या वर्षीचा तिचा निव्वळ नफा होता सुमारे २२ कोटी. जुनी ७.५ टक्क्यांची मर्यादा जागेवर असती आणि तिन्ही वर्षांचा सरासरी नफा एवढाच धरला, तर कंपनीला दीड-पावणेदोन कोटींच्या पुढे जाता आले नसते. कायद्यातील एक ओळ काढल्याने काय झाले, हे समजायला ही एक नोंद पुरेशी आहे.

दुसरी नोंद मेघा इंजिनिअरिंगची. ११ एप्रिल २०२३ रोजी या कंपनीने १४० कोटींचे रोखे घेतले आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे सुमारे १४,४०० कोटींचे काम तिला मिळाले. तशीच एक नोंद ऑरोबिंदो फार्माची आहे. कंपनीच्या एका संचालकाला सक्तवसुली संचालनालयाने १० नोव्हेंबर २०२२ रोजी अटक केली, १५ नोव्हेंबरला कंपनीने ५ कोटींचे रोखे घेतले, ते भाजपने वटवले, आणि पुढच्या वर्षी तो संचालक माफीचा साक्षीदार झाला. त्याच कंपनीने भारत राष्ट्र समितीला आणि तेलुगू देसमलाही रोखे दिले होते.

येथे जपून लिहिले पाहिजे. एका घटनेमागून दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. २ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहारांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमण्यास नकार दिला. केवळ तर्कावर अशी सरसकट चौकशी लावता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तो निर्णय मान्य करूनही मला असे वाटते की नुकसान सिद्ध होण्याची वाट पाहत थांबत नाही. बोगद्याचे काम ज्याला मिळाले त्याने ते सर्वांत रास्त दराच्या निविदेवरच मिळवले असले, तरी ठाण्याच्या नागरिकाच्या मनात शंका राहते आणि ती शंका दूर करण्याचे साधन त्याच्या हाती नसते. जो ठेकेदार पैसे देऊ शकत नाही किंवा देऊ इच्छित नाही, तो निविदा भरायच्या आधीच खचतो. ज्या औषध कंपन्यांच्या औषधांचे नमुने राज्यांच्या चाचण्यांत नापास झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यांतल्या काहींची नावे खरेदीदारांच्या यादीत वाचल्यावर, गोळीच्या पाकिटावरचा परवाना क्रमांक आपण पूर्वीच्याच विश्वासाने पाहू शकत नाही. चौकशी करणारा अधिकारी, परवाना देणारा अधिकारी आणि निविदा उघडणारा अधिकारी, तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक असले तरी त्यांच्या प्रामाणिकपणावरचा लोकांचा भरवसा या व्यवहारात खर्ची पडतो. कंपन्यांच्या राजकारणाचा हा परिणाम कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

यादी वाचताना आपल्याकडच्या वाचकाला एक पथ्य पाळावे लागते. वटवणुकीच्या धारिकेत ‘शिवसेना’ असे एकच नाव आहे. जून २०२२मध्ये पक्षात फूट पडली आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने नाव आणि चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. त्यामुळे शिवसेनेच्या नावावरचा रोखा कोणाच्या नेतृत्वाखालील पक्षाकडे गेला, हे ठरवायला वटवल्याची तारीख पाहिलीच पाहिजे. समाजमाध्यमांवर फिरलेल्या कित्येक तक्त्यांत ही काळजी घेतलेली नव्हती, आणि दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी एकमेकांवर त्याच तक्त्यांच्या आधारे आरोप केले.

यादीतली सर्वांत मोठी पोकळी तिच्या सुरुवातीला आहे. न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे तपशील १२ एप्रिल २०१९पासूनचे आहेत. त्याआधीच्या साधारण १३ महिन्यांत विकल्या गेलेल्या सुमारे ४ हजार कोटींच्या रोख्यांचे खरेदीदार कोण, हे बँकेच्या यादीत नाही. त्या काळाची माहिती पक्षांनी स्वतः बंद पाकिटात आयोगाकडे दिली होती आणि ती १७ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. ती वाचण्यासारखी आहे, कारण पक्षांचा स्वभाव तीत दिसतो. द्रमुकने देणगीदारांची नावे सांगितली; मोठ्या पक्षांपैकी बहुतेकांनी कायद्याने नावे ठेवण्याचे बंधन नाही असे कारण देऊन हात झटकले. संयुक्त जनता दलाने कळवले की ३ एप्रिल २०१९ रोजी पाटण्याच्या कार्यालयात कोणीतरी एक बंद पाकीट आणून दिले आणि उघडल्यावर त्यात प्रत्येकी १ कोटीचे १० रोखे निघाले; देणाऱ्याचा तपशील पक्षाकडे नाही. १० कोटी रुपये देणारा कोण हे एका सत्ताधारी पक्षाला ठाऊक नाही, हे खरे मानले तर ती विलक्षण बेपर्वाई आहे, आणि खरे न मानले तर आयोगाला दिलेल्या लेखी उत्तराचे मोल काय, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न रोख्यांबरोबर जन्माला आलेला नाही आणि त्यांच्याबरोबर संपलेलाही नाही. १९५७मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना निधी देता यावा म्हणून आपल्या उद्देशपत्रिकेत बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्यामुळे त्यांना परवानगी द्यावी लागली, पण ही प्रथा वाढत गेली तर देशातील लोकशाहीचा गळा घोटू शकेल, असा स्पष्ट इशारा त्यांनी निकालात नोंदवला आणि संसदेने याकडे लक्ष द्यावे असे सुचवले. पुढे १९६९मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५मध्ये ती मर्यादेसह उठली. बंदीच्या काळात पैसा थांबला नाही, तो रोखीत गेला. म्हणून सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही. नफ्याशी बांधलेली मर्यादा आणि वेळच्या वेळी, नावानिशी जाहीर होणारी नोंद या दोन गोष्टींचा आग्रह मात्र सोडता येणार नाही.

नेमक्या याच बाबतीत आजची व्यवस्था रोख्यांच्या यादीपेक्षा मागे आहे. आता कंपन्यांचा पैसा थेट धनादेशाने किंवा निवडणूक न्यासांमार्फत, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांमार्फत, येतो. २०१३च्या योजनेनुसार न्यासाला वर्षभरात गोळा झालेल्या देणग्यांपैकी ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटावी लागते आणि अहवाल आयोगाला द्यावा लागतो. न्यासाला कोणी पैसे दिले हे त्या अहवालात कळते, न्यासाने कोणत्या पक्षाला किती दिले हेही कळते. पण मधल्या हौदात सर्वांचे पाणी एकत्र झाल्यामुळे कोणत्या कंपनीचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला हे सांगता येत नाही. पक्ष २० हजारांवरील देणग्यांचा अहवाल वर्षातून एकदा देतात, तोही वर्ष संपून काही महिने लोटल्यावर. मे महिन्यात मत देणाऱ्याला त्या निवडणुकीआधीच्या देणग्यांचा हिशेब मतदान उरकल्यावर मिळतो. शिवाय या अहवालांपैकी पुष्कळसे छापील कागदांच्या छायाप्रती असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही रोख्यांविरुद्ध न्यायालयात गेलेली संस्था हे अहवाल वाचून त्यांचे तक्ते प्रसिद्ध करते, आणि ज्याला थोडक्यात चित्र हवे असेल त्याने तिच्या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. पण आयोगाने करायचे काम स्वयंसेवी संस्थेने करावे, हे कौतुकाचे असले तरी समाधानाचे नाही.

एकूण विचार करता, रोख्यांची यादी माहितीच्या दृष्टीने अमूल्य आणि मांडणीच्या दृष्टीने सामान्य आहे. जिज्ञासू, थोडे संगणकाचे काम येणाऱ्या वाचकाला मी ती निःशंकपणे सुचवीन. महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या शिक्षकांनी तर ती विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावी. मात्र २१ मार्चच्याच धारिका घ्याव्यात, कंपनीचे नाव दोन-तीन प्रकारे लिहून शोधावे, आणि खरेदीच्या तारखेइतकेच वटवणुकीच्या तारखेकडे लक्ष द्यावे.

पुढच्या काळासाठी आणखी एक वाट आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. निकालानंतर कलम १८२ पूर्ववत झाले आहे, त्यामुळे कंपनीने कोणत्या पक्षाला किती रक्कम दिली हे नफा-तोटा पत्रकात दाखवणे तिला पुन्हा बंधनकारक आहे. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो; अन्य कंपन्यांची कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून पाहता येतात. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मराठी कुटुंबांकडे अशा कंपन्यांचे समभाग आहेत. अहवाल आला की लाभांशाचा आकडा पाहून तो बाजूला ठेवण्याऐवजी टिपांमध्ये ‘राजकीय देणगी’ शोधावी. रक्कम न्यासाला दिलेली असेल, तर त्या न्यासाने ती कोणाला वाटली आणि ती देण्याचा ठराव संचालक मंडळाने कोणत्या कारणासाठी केला, हे सर्वसाधारण सभेत विचारण्याचा प्रत्येक भागधारकाला अधिकार आहे, मग त्याच्याकडे समभाग दहाच का असेनात. हल्ली बहुतेक सभा ऑनलाइन होतात आणि प्रश्न विचारण्यासाठी सभेच्या काही दिवस आधी भागधारक म्हणून नाव नोंदवावे लागते. ती मुदत सभेच्या सूचनेत दिलेली असते.